भरतकामाचं पुस्तक

"हे नाही मागितलं मी," मनूबिया म्हणाली आणि पुस्तक तिने परत फळीवर आपटलं.

पुस्तकांच्या गाडीपाशी रांगेत उभ्या असलेल्या बायका माना वळवून बघू लागल्या. दर बुधवारी फिरत्या वाचनालयाची ही गाडी सफाक्स शहरातून फेरीबोटीने करकेना बेटावर यायची. गाडीचा माणूस हेदी, पन्नाशीचा, बोटांना कायम पुस्तकबांधणीची खळ चिकटलेली. आज त्याच्या शेजारी कार्यालयातले साहेब मांडीवर यादी घेऊन बसले होते. इंजिन, शेती, कायदा पुरुषांना. शिवण, स्वयंपाक, मुलं बायकांना. यादीबाहेरचं पुस्तक द्यायचं नाही, असा हुकूम होता.

मागच्या बुधवारी साहेब नव्हते, तेव्हा मनूबियाने हेदीला सगळं सांगितलं होतं. नवरा तौफीक कंबरेचं हाड मोडून खाटेवर. ऑक्टोपसचा हंगाम तीन आठवड्यांवर. बोट तिलाच न्यायची होती आणि इंजिन सुरू व्हायचं, दोनदा खोकायचं आणि बंद पडायचं. मिस्त्री महिनाभर येणार नव्हता. हंगाम हुकला की वर्ष गेलं. हेदीने नीट ऐकून घेतलं होतं. किती वेळ चालतं, धूर कसला येतो, तेही विचारलं होतं. आणि आज तिच्या हातात ठेवलं काय, तर भरतकामाचं पुस्तक.

"ताई, तुमच्यासाठी हेच आहे," हेदी म्हणाला. "घरी नेऊन वाचा. पाचव्या पानापासून सुरुवात करा."

"सुईने बोट चालते का?"

साहेब हसले. हेदी हसला नाही. त्याने पुस्तक पुन्हा तिच्या हातात दिलं. "पाचव्या पानापासून," तो म्हणाला.

"घे गं मुकाट्याने," मागून दलीला म्हणाली.

दलीला तिची शेजारीण. नवरा इटलीला गेला तो गेलाच, तेव्हापासून बोट हीच चालवायची. तिच्या काखेतही तेच पुस्तक होतं. जिच्या बाहीचं बटण उन्हाळ्यापासून सेफ्टीपिनवर लटकतंय ती बाई भरतकाम शिकणार होती. मनूबियाचा संताप संताप झाला. असल्या मुकाट घेणाऱ्या बायकांमुळेच हे लोक सोकावतात, असं तिला वाटलं, आणि त्यात तिचं काही चुकलं नव्हतं.

घरी भट्टी पेटलेलीच होती. मनूबियाने पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर गुलाब. दुसऱ्या पानावर गुलाब. मधल्या कुठल्याशा पानातून लाल दोरा लोंबत होता, सरावासाठी दिला असावा. तिने पुस्तक दोऱ्यासकट भट्टीत घातलं आणि त्यावर रोटी भाजली.

मनूबियाच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या धक्क्याला ठाऊक होतं. बायका तिच्यादेखत जरा जपूनच बोलायच्या. पण या वेळी तिने कुणाला काही सांगितलं नाही. सकाळची फेरीबोट धरून ती सरळ सफाक्सच्या कार्यालयात गेली. तिथे तेच साहेब होते. मी इंजिनाचं पुस्तक मागितलं, तुमच्या माणसाने चारचौघांत माझ्या हातात फुलं ठेवली, असं तिने सांगितलं. आमची अक्कल सुईच्या भोकाएवढी आहे असं समजतो का तो, असंही विचारलं. साहेबांनी सगळं आस्थेने लिहून घेतलं. यादी कुणी केली, हे विचारायचं तिला सुचलंच नाही.

पुढच्या बुधवारी गाडीत नवा माणूस होता. हेदीला काढलं होतं. बावीस वर्षांची नोकरी एका अर्जावर गेली. बायकांना भरतकाम आवडत नाही अशी तक्रार आली आहे, तेव्हा ती पुस्तकं आजच परत करायची, असं नव्या माणसाने जाहीर केलं.

"आणि इंजिनाचं?" मनूबियाने विचारलं.

त्याने यादी पाहिली आणि तिच्यापुढे बाळाच्या आहाराचं पुस्तक धरलं.

"माझं धाकटं बाळ फ्रान्समध्ये विटा रचतंय," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. तरी हेदीची खोड मोडली याचं समाधान होतं.

बायकांनी एकेक पुस्तक आणून दिलं. नवा माणूस ती न उघडता पोत्यात टाकत होता. मनूबियाकडे एकीनेही पाहिलं नाही. दलीला तेवढी आली नव्हती. "मी आणते तिच्याकडून," म्हणत मनूबिया धक्क्यावर गेली.

दलीलाच्या बोटीचं इंजिन एका लयीत चालत होतं. उन्हाळ्यात तेही खोकायचं. दिराने दुरुस्त करून दिलं असेल. दलीलाचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि पुस्तक इंजिनाच्या झाकणावर पडलं होतं, त्यावर तेलाचे डाग.

"दे ते. परत करायचंय," मनूबिया म्हणाली.

दलीलाने इंजिन बंद केलं. "सफाक्सला तूच गेली होतीस?"

"कुणीतरी जायलाच हवं होतं. तुम्ही सगळ्या मुकाट सुया घेऊन बसलात."

"तुझं पुस्तक कुठाय?"

"भट्टीत."

दलीलाने पुस्तक उचललं आणि मनूबियाच्या छातीवर आदळलं.

"उघड."

"पाहिलंय मी. गुलाब आहेत."

"पुढे बघ."

पहिल्या चार पानांवर गुलाब होते. पाचव्या पानापासून बोटीचं इंजिन सुरू झालं होतं, आणि इथेही लाल दोरा घातलेल्या पानावर ते खोकून बंद पडलं तर कुठला नट सैल करून आतली हवा काढायची, ते चित्रासकट दिलं होतं.