पांढऱ्या घोड्याची जागा

वर्षातून एकदा, फ्रान्समधल्या त्या गावातली जुनी घरं लोकांना बघायला उघडतात त्या रविवारी, म्हातारा फिर्मां आपलं जेवणघर दाखवायचा. चारही भिंतींवर पणजोबांच्या काळचा वॉलपेपर, त्यावर एकच सलग चित्र: नदी, ताडाची झाडं, शिकारीला निघालेली माणसं. कोपऱ्यात, अगदी खालच्या अंगाला, एक स्वार नुसताच हवेत बसलेला. त्याच्या पांढऱ्या घोड्याच्या जागी उघडा गिलावा.

"दुसऱ्या महायुद्धात, मी लहान असताना, जर्मन सैनिक आमच्या घरात ठाण मांडून होते. त्यातल्या एकाने गंमत म्हणून संगिनीने घोडा कापून काढला," फिर्मांने यंदाही दर वर्षीप्रमाणे सांगितलं. "रानटी लोक, दुसरं काय."

माणसं हळहळली आणि बागेत वाइन प्यायला गेली. एक वयस्कर जर्मन बाई तेवढी मागे राहिली.

"तो सैनिक म्हणजे माझे वडील," ती म्हणाली.

फिर्मां ओशाळला. "त्यात तुमचा काय दोष, बाई."

"घोडा या घरातल्या मुलाने कापला होता, खेळायला. आई आता झोडपून काढणार म्हणून ते पोर थरथरत उभं होतं. वडिलांनी त्याच्या हातातला चाकू काढून घेतला आणि त्याच्या आईला सांगितलं, मीच कापला. ते म्हणायचे, पोर मोठं झालं की सांगेल खरं काय ते." तिने फिर्मांकडे पाहिलं. "तो मुलगा आता कुठे असतो?"

फिर्मांची नजर स्वाराखालच्या उघड्या गिलाव्याकडे गेली. तेवढ्यात दारातून नातीने हाक मारली, "आजोबा, पुढची मंडळी आलीत. घोड्याची गोष्ट तुमच्याच तोंडून ऐकायचीय म्हणतात."