करंगळीएवढी दोरी

रुचिता मॅडमनी प्लास्टिकचा पाठकणा टेबलावर उभा केला आणि त्याच्या मधल्या पोकळीतून एक पिवळी दोरी ओढून सगळ्यांना दाखवली.

"हा मज्जारज्जू. जाडी आपल्या करंगळीएवढी. पाय हलव, हा मेंदूचा निरोप यातूनच खाली जातो. काटा रुतला, हा पायाचा निरोप यातूनच वर येतो. हाड मोडलं तर जुळतं. ही दोरी तुटली की जुळत नाही."

दिघोरीच्या समाजमंदिरात चाळीसेक माणसं सतरंजीवर बसली होती. प्रथमोपचार शिकवायला तालुक्याहून डॉक्टरीणबाई आल्या म्हणून बायाही कामं टाकून आल्या होत्या. संघपाल मागच्या भिंतीला टेकून उभा होता. त्याच्यापुढं चाकाच्या खुर्चीत त्याचा थोरला भाऊ डोमा. चार वर्षांपूर्वी घरावर चढून कवेलू, म्हणजे कौलं, फेरताना डोमा पडला. तेव्हापासून कमरेखालचा डोमा त्याचा स्वतःचा राहिला नव्हता.

"माणूस उंचावरून पडला की हाड मोडतं," मॅडम सांगत होत्या, "पण दोरी पुष्कळदा तेव्हा शाबूत असते. ती तुटते नंतर. आपणच त्याला उठवून बसवतो, गाडीवर कोंबतो, तेव्हा."

त्यांनी कणा मधोमध वाकवला. दोन मणक्यांच्या मध्ये पिवळी दोरी चिमटली.

"म्हणून त्याला हलवायचं नाही. एकशे आठला फोन करायचा. न्यावंच लागलं, तर दाराच्या फळीवर सरळ निजवून, चौघांनी."

पुढं बसलेल्या म्हाताऱ्या गोमाजीला राहवलं नाही.

"अन् गाडी याले टाइम लागला तं, मॅडम? आमचा संघपाल पाहा. डोमा पडला तं यानं कोनाची वाट नाही पाह्यली. फटफटीवर मधात बसवलन, मांगं देवाजीले धराले लावलन, अन् पाहता पाहता लाखांदूरचा दवाखाना! भाऊ असावा तं असा."

लोकांनी माना वळवून संघपालकडं कौतुकानं पाहिलं. चार वर्षं ते असंच पाहत होते.

मॅडमचा हात वाकवलेल्या कण्यावरच थांबला. त्यांनी एकदा खुर्चीकडं पाहिलं, एकदा खुर्चीमागं उभ्या माणसाकडं, आणि हळूच कणा सरळ केला.

संघपालला अंगण दिसत होतं. फुटक्या कवेलूंमध्ये पडलेला डोमा गुडघा पोटाशी घेऊन कण्हत होता. 'शिडी सोडून कोठी गेलता बे?' म्हणत त्यानं लाथ झाडली होती. ती संघपालच्या नडगीला चांगली लागलीही होती. मग गाडी. प्रत्येक खड्ड्याला डोमाचं धड संघपालच्या पाठीवर कोसळत होतं. कालव्याच्या पुलाजवळ डोमानं त्याच्या कानाशी विचारलं होतं, 'संघपाल, माहे पाय खाली पडले का रे?' दवाखान्यात उतरवलं तेव्हा त्याच्या उजव्या पायाचा अंगठा डांबरावर घासून हाडापर्यंत सोलला होता. सारा रस्ता डोमा एकदाही ओरडला नव्हता. केवढा सोशिक आपला भाऊ, असं तेव्हा संघपालला वाटलं होतं.

"दादा," मॅडमनी डोमाला विचारलं, "पडलात तेव्हा पाय हलत होते का तुमचे?"



"नाही जी," डोमा म्हणाला. "पडलो तवाच गेलते."

मॅडमनी श्वास सोडला. मग त्यांनी फळी मागवली, एका धडधाकट पोराला खाली निजवलं आणि चौघांनी कसं उचलायचं ते दाखवायला लागल्या. दोघंतिघं हसले. निजलेला पोरगाही हसत होता.

संघपालनं खुर्ची वळवली.

रस्त्यानं तो नुसता ढकलत राहिला. उन्हात वाळत घातलेल्या धानाला वळसा घालताना चाक दगडावर चढलं आणि डोमाचा एक पाय खुर्चीच्या पाय ठेवायच्या फळीवरून घसरून लोंबायला लागला. संघपालनं पुढं येऊन तो उचलून जागेवर ठेवला. ठेवता ठेवताच म्हणाला,

"खोटं काहून बोललास, दादा? तू तं मले लाथ मारली होती."

डोमा धानाकडं पाहत होता.

"नागपूरच्या डॉक्टरनं मले तिसऱ्याच दिवशी सांगतलं. पडलो तवा दोरी साबूत होती. गाडीवर गेली."

"अन् तू चार वर्सं बोलला नाहीस."

"बोललो असतो तं तुहे हात थरथर कापले असते. मले दिवसातून चारदा उचला लागते."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर संघपालला बरं वाटलं असतं.

घराच्या ओट्याला दोन पायऱ्या होत्या. संघपाल वाकला. एक हात पाठीमागून काखेखाली घातला, दुसरा गुडघ्यांखाली. डोमानं त्याच्या गळ्यात हात टाकला. सदऱ्याखालचे मणके संघपालच्या मनगटाला एक एक लागत होते. तो तसाच वाकून राहिला. पुन्हा जोर लावायला गेला, पण हात वर येईनात.

डोमानं थोडा वेळ वाट पाहिली. मग त्याच्या गळ्यातला हात काढून घेतला आणि आत बायकोला हाक दिली,

"पार्वता, शेजारच्या भोजराजले बलाव."