आधी आईला

"हिच्या नाडीत दोष नाही." ज्ञानदा हे आता पाचव्या शनिवारी सांगत होती, आणि तिचं तिलाच पटत नव्हतं.

तिनं क्रांतीच्या मनगटावर पुन्हा तीन बोटं टेकवली. आधी डावा हात, मग उजवा. तिसऱ्या बोटाखाली मूत्रपिंडाची नाडी, असं चिनी शास्त्र सांगतं. क्रांतीची तिथली नाडी टणक होती. जीभ गुलाबी. मोठ्या दवाखान्यात लघवी तपासून झाली होती, सोनोग्राफी झाली होती. सगळं नीट. तेरा वर्षांची पोरगी, आठशे मीटरला जिल्ह्यात पहिली आलेली. आणि घरी सकाळी वाकळ ओली.

"नाडी ऱ्हाऊ द्या," क्रांतीची आजी, तानुबाई, खुर्चीतून म्हणाली. आज पहिल्यांदाच ती दहिवडीहून एसटीनं साताऱ्याला आली होती, ज्ञानदाचा चिनी सुयांचा दवाखाना स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. "सोमवारी हिला पुण्याला जायचं हाय, खेळाच्या हॉस्टेलात. तितं चाळीस पोरी. तितं असं काय झालं तर तोंड कुटं लपवायचं? तुमी शब्द द्या. न्हाईतर मी न्हाई धाडायची."

"आठवड्यात किती वेळा झालं?"

"ह्या आठवड्यात एकदाच. आधी रोजचं हुतं. मी तर वाकळ मुद्दाम रस्त्याकडंच्या कुपाटीवर वाळत घालते. शाळंला जाणाऱ्या पोरींनी बघावी. लाज वाटली की आपसूक बंद हुतंय."

"झालं का बंद?"

"कशाचं! लय निगरगट्ट हाय."

क्रांती शांतपणे पायातला मोजा काढत होती. तिची आई, राजेश्वरी, दाराजवळ उभी होती. या बाईला बस म्हटलं तरी ती दाराजवळच उभी राहायची.

हे सुरू झालं ते गेल्या वर्षी. तीन वर्षांचा धाकटा शंभूराज तेव्हा आईजवळून उठून आजीच्या कुशीत झोपायला लागला, आणि आईच्या वाकळेत आईजवळ एकटी क्रांती उरली. ज्ञानदानं लगेच ताडलं होतं. इतकी वर्षं भावाला पोटाशी धरलेलं बघून पोरीला परत तान्हं व्हायचं असणार. केसपेपरवर तिनं तसं लिहिलंही होतं, 'असूया आणि भीती', खाली दोन रेघा मारून. स्वतःच्या हुशारीवर ती त्या दिवशी जरा खूशही झाली होती.

मुलांसाठी ज्ञानदाची एक रीत होती. आधी आईला सुई, मग मुलाला. घोट्याच्या वर चार बोटं, तीच जागा, तेवढाच वेळ. आईनं हूं की चूं केलं नाही की मूल पाय पुढं करतं. राजेश्वरीनं कधीच केलं नाही. घरी रोज दाबायची जागा कोणती, हेही तिनंच दोनदा विचारून घेतलं होतं. लेकीसाठी एवढं करणारी आई ज्ञानदाला फार आवडली होती.

"जा बिनधास्त," ज्ञानदा क्रांतीला म्हणाली. "आठवड्यात एकदावर आलीस. तेही थांबेल. आज शेवटच्या सुया. आणि आज आईला नको, तू आता कुठं घाबरतेस?"

"मी न्हाई जात," क्रांती म्हणाली.

"काय?" तानुबाई उठलीच. "बापानं तिकडं पलटणीत पेढं वाटलं, आन तू न्हाई जात? दोन वर्सं फाटं फाटं उटून काय ढोरामागं पळत हुतीस व्हय?"

"आजी, तुम्ही जरा बाहेर बसा. सुया लावताना बोलणं नको," ज्ञानदा म्हणाली.

तानुबाई पुटपुटत बाहेर गेली. ज्ञानदानं दार लावून घेतलं.

"हॉस्टेलची भीती वाटते?"

"न्हाई."

"पळायला नको वाटतंय?"

"पळायला लय आवडतंय."

"मग?"

"मला सुया नगंत. आईला लावा."

"अगं वेडाबाई, आईला तर तुझ्यासाठी लावत होते. तिला काय झालंय?"

राजेश्वरी एकदम पुढं आली. "चल गं. एसटी जाईल." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की ज्ञानदानं वर बघितलं.

क्रांती उठली नाही. तिनं आईचा हात धरून ओढला आणि नाडी बघायच्या छोट्या उशीवर ठेवला. पालथा होता, तो उताणा केला. ज्ञानदाची बोटं सवयीनंच त्यावर गेली.

पहिल्या बोटाखाली नाडी लागली. दुसऱ्याखाली मंद. तिसऱ्याखाली काहीच नाही. तिनं बोट आणखी खोल दाबलं, तेव्हा कुठं सुतासारखं काहीतरी हललं.

पाच शनिवार ही बाई हातभर अंतरावर उभी होती. चार शनिवार तिच्या पायात सुई घातली, आणि मनगट एकदाही धरलं नाही.

राजेश्वरीनं पदर तोंडाशी नेला. लेकीकडं बघायचं तिनं टाळलं.

क्रांतीनं बंद दाराकडं एकदा बघून घेतलं, आणि आवाज खाली आणला.

"शंभू आईजवळ निजायचा तवर त्येचं नाव घेतलं. मग माजं. आता मी पुण्याला गेल्यावर वाकळ कुणी वली केली म्हणून सांगायचं, मॅडम?"