बुरुजावरून आलेली हाक

बुरुजाच्या पहिल्याच पायरीशी सहादू थांबला. शकुबाई चार पायऱ्या चढून गेली होती. ती मागे वळली.

"काय झालं? चला ना."

"तू जाऊन ये. मी हाय हितंच."

नदीकाठच्या या जुन्या गढीत आता बाग होती. तिच्या दारावर सहादूने बावीस वर्षं वॉचमनकी केली. परवा तो निवृत्त झाला आणि आज पहिल्यांदाच, गणवेश न घालता, बायकोला गढी दाखवायला घेऊन आला. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या शकुबाईला एवढ्या वर्षांत सवड झाली नव्हती. पण बुरुजावरून काय दिसतं ते तिला तोंडपाठ होतं. रोज जेवताना सहादू सांगायचा. नदीचं वळण, पलीकडचे द्राक्षांचे मळे, पाण्यावर उतरणारे बगळे.

"गुडघा दुखतोय का?" ती खाली आली.

सहादूने आजूबाजूला पाहिलं, आवाज बारीक केला. "मी कधी वर गेलोच नाय. उंचावर लय गरगरतं मला. उतरणारी माणसं बोलायची, तेच तुला सांगायचो."

त्याने मान खाली घातली. शकुबाईने पदर खोचला आणि कठड्याला धरून एकटीच वर गेली.

सहादू बाकावर बसून राहिला. बराच वेळ गेला. मग वरून खणखणीत हाक आली.

"सहादूऽ! ए सहादू! वर ये!"

बागेतली माणसं वर बघून हसू लागली. दारावरचा नवा वॉचमन धावत आत आला. सहादू ताडकन उठला. बायकोच्या तोंडून आपलं नाव त्याने एकदाच ऐकलं होतं, लग्नातल्या उखाण्यात. तेही पुटपुटल्यासारखं. त्यानंतर एक्केचाळीस वर्षं नुसतं 'अहो'.

"अगं, गप! लोक ऐकत्यात!"

"ऐकू दे की! येतो का अजून वरडू? सहादूऽ!"

तिला गप्प करायला तो धावतच निघाला. दोन-दोन पायऱ्या चढला. कठडा धरायचंही त्याला सुचलं नाही. वर पोचला तेव्हा छाती भात्यासारखी हलत होती.

"येड लागलं का तुला?"

शकुबाईने त्याचा हात घट्ट धरला. दुसऱ्या हाताने पदर सारखा केला आणि हळूच म्हणाली, "अहो, आलात की वर."