बोलकी लेक

मोबाइलच्या दुकानात मी सकाळपासून येईल त्याला नव्या नेटवर्कवर क्रिकेट दाखवत होतो. मैनामावशींनी माझा हात बाजूला केला. "ते राहू दे. माझ्या वृषालीला लाव."

वृषाली त्यांची मुलगी, जन्मापासून बहिरी, नाशिकला कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका. मायलेकी हातांनी बोलतात. पण आजवर आमच्या गावात चित्र सारखं अडकायचं, हलते हात पुसट दिसायचे. म्हणून वृषाली एकेक खूण करून थांबायची, मावशी मान हलवायच्या, मग पुढची खूण. दोन वर्षं 'जेवलीस का', 'बरी आहेस ना' याच्यापुढे गप्पा गेल्या नव्हत्या.

कॉल लागला. सवयीनं वृषालीनं एक खूण करून हात हवेत धरून ठेवला. मावशींनी हसून मान हलवली आणि स्वतःच भराभरा हात चालवले. वृषाली क्षणभर बघतच राहिली. चित्र अडकलं नव्हतं. मग ती जी सुटली! बोटं, भुवया, खांदे, सगळं एकदम. मधेच तिनं कुणाची तरी नक्कल केली, मावशी पोट धरून हसल्या.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"साहेब आले होते शाळा तपासायला. हिच्या पोरांनी हातांनी अख्खं नाटक करून दाखवलं. टाळ्या ऐकू येत नाहीत ना पोरांना, म्हणून साहेबांनी दोन्ही हात वर करून हलवले!"

मी ऐटीत म्हटलं, "बघा, आमच्या नेटवर्कचा स्पीड!"

मावशींनी स्क्रीनवरची नजर हलवली नाही. "बरा आहे. माझ्या लेकीला जेमतेम पुरतोय."