आणखी काही मदत?

दिवसभर मी हेडफोन लावून दुसऱ्यांच्या बिघडलेल्या वॉशिंग मशीनपायी शिव्या खाते. समोरचा कितीही भडकला, तरी फोन ठेवण्याआधी गोड आवाजात विचारायचंच, "आणखी काही मदत करू शकते का?" विसरलं की साहेब सगळ्यांसमोर बिनपाण्यानं हजामत करतात.

संध्याकाळी मात्र मी माणसात येते. ज्यांच्यावर आता काही उपाय उरला नाही अशा लोकांच्या दवाखान्यात जाते आणि ज्याचं कुणी येत नाही त्याच्या उशाशी बसते. हात हातात घेऊन नुसती बसते. तिथे माझ्यावर कुणी खेकसत नाही.

मला सारखं 'बाळा, बाळा' करणाऱ्या दाराजवळच्या खाटेवरच्या आजी काल गेल्या. हात माझ्या हातातच होता. मी त्यांचे डोळे मिटले, पांघरूण सारखं केलं आणि मेल्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "आणखी काही मदत करू शकते का?"

मी जीभ चावली. नर्सताईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

आज सकाळी कामावर पहिलाच फोन वाजला. मी रोजची पोपटपंची सुरू केली, "नमस्कार, काय तक्रार आहे आपली?"



"तक्रार नाही गं बाळा. काल तू विचारलंस ना, म्हणून सांगते. आज जरा लवकर ये. खिडकीजवळच्या खाटेवरची फार घाबरलीय, आणि संध्याकाळपर्यंत काही ती थांबायची नाही."