मधली दोन वर्षं

"अमेरिकेचा पहिला अध्यक्ष कोण?" साहेबांनी विचारलं.

"जॉर्ज वॉशिंग्टन!" आठवीचा अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

दत्तराव गुरुजींच्या जिवात जीव आला. शिक्षण खात्याचे हे साहेब सकाळी जीपनं तपासणीला आले होते आणि आधीच्या दोन वर्गांत त्यांनी मास्तरांना घाम फोडला होता.

"बरं, त्याची एखादी मोठी गोष्ट सांगेल कुणी?"

पंचफुला उभी राहिली. आईबाप खडी फोडायला जायचे. पोर मात्र वर्गात सगळ्यांत हुशार.

"आठ वर्सं झाल्यावर त्यानं आपणहून खुर्ची सोडली, साहेब. लोक म्हणायलते, तुमीच ऱ्हावा. त्यो न्हाईच म्हणला. आमचे गुरुजी म्हणले, खुर्ची धरून बसणाऱ्यापेक्षा सोडणारा लय मोठा आसतो."

साहेबांनी उठून दार लोटून घेतलं.

आणीबाणीला वर्ष उलटून गेलं होतं. शेजारच्या गावचे तात्याराव मास्तर हॉटेलात चहा पिताना सरकारविरुद्ध एक वाक्य बोलले होते. त्यांना उचलून नेलं त्याला चार महिने झाले; कुठल्या तुरुंगात आहेत, ते त्यांच्या बायकोलाही धड माहीत नव्हतं.

"हे पुस्तकात आहे, गुरुजी?" साहेबांचा आवाज अगदी हळू होता.

"न्हाई, साहेब. पोरगी... पोरगी चुकली."

"मग बरोबर काय ते सांगा तिला. मला शेरा लिहायचाय. मलाही लेकरंबाळं आहेत."

गुरुजी फळ्याकडं वळले. "वॉशिंग्टननं मरेपर्यंत अध्यक्ष राहून देशाची सेवा केली. घ्या लिहून."

माना खाली गेल्या. पंचफुला उभीच.

"पण गुरुजी, तुमीच तर सांगितलं व्हतं..."

"हात पुढं कर."

छडी चार वेळा बसली. पोरगी रडली नाही. नुसती गुरुजींच्या तोंडाकडं बघत राहिली. साहेबांनी 'अध्यापन समाधानकारक' असा शेरा लिहिला आणि चहा न घेताच निघून गेले.

शाळा सुटली तरी गुरुजी खुर्चीतून उठले नव्हते. पंचफुला वही घेऊन टेबलापाशी आली.

"गुरुजी, आजचं लिवलंय मी. पण जुळंना."

"काय जुळंना?"

"मागं तुमीच लिवून दिलंय, दुसरा अध्यक्ष ॲडम्स, सतराशे सत्त्याण्णवला झाला. वॉशिंग्टन वारला नव्व्याण्णवला. मग मधली दोन वर्सं दोघं बी अध्यक्ष व्हते काय?"

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. सालं ताडून बघायची सवय गुरुजींनीच तिला लावली होती.

"सत्त्याण्णव खोडून टाक," ते म्हणाले. "नव्व्याण्णव कर."

तिनं पेन्सिल उचलली. पण बोटं सुजली होती, वळेनात. दोनदा पेन्सिल खाली पडली.

गुरुजींनी वही आपल्याकडं ओढली, पट्टी लावली आणि सत्त्याण्णव सालावर सरळ रेघ मारली.